काहून ब्रदर

डॉक्टरने तोंडातून औषधाचं नाव काढायचा अवकाश, की ब्रदर त्यांच्या बोलीत विचारायचे, "काहून?", म्हणजे का? विचारताना त्यांचे हात मात्र थांबत नसत. काचेच्या ॲम्प्युलची मान मोडून, औषध सिरिंजमध्ये ओढून, बुडबुडा काढून ते पेशंटच्या हाताशी पोचलेलेही असत. तेवढ्या वेळात डॉक्टरने उत्तर द्यायचं. ज्याला देता येत नसे तो आधी चिडे, मग घसा साफ करी आणि शेवटी पुस्तकात तसंच दिलंय असं काहीतरी पुटपुटे. आम्ही त्यांचं नावच 'काहून ब्रदर' ठेवलं होतं. महिन्याचा ड्यूटीचा तक्ता लागला की आपल्या पाळीला ते नाहीत ना, एवढं आधी बघून घ्यायची पद्धत होती. माझ्या नशिबी ते दोन वर्षं होते.

ही करोनाच्या काही वर्षं आधीची गोष्ट. नागपुरातलं एक जुनं धर्मादाय रुग्णालय आणि त्याची कॅज्युअल्टी, म्हणजे अचानक बिघडलेली माणसं सगळ्यात आधी जिथे येतात तो विभाग. मी सत्तावीस वर्षांची मेडिकल ऑफिसर, गळ्यात नवा स्टेथोस्कोप. नर्सला सिस्टर म्हणतात तसं पुरुष नर्सला ब्रदर. आमच्याकडे असे पाच-सहा ब्रदर होते, पण त्यांना हाक मारताना आडनाव जोडावं लागे. नुसतं 'ब्रदर' म्हटलं की सत्तावन्नच्या आसपासचे, काठीसारखे उंच, खिशात तीन रंगांची पेनं आणि एक टॉर्च बाळगणारे हे एकटेच.

आपली परीक्षा घेतात असं वाटून पहिले काही आठवडे मी त्यांच्यावर जळत असे. एकदा मी तोंडावरच म्हणाले, की ब्रदर, तुम्हाला उत्तर माहीत असतं, तरी का विचारता? त्यांना खरोखर वाईट वाटलं. म्हणाले, "मले माहीत नाही म्हणूनच विचारून राहिलो मॅडम. तुमाले भी माहीत नसन तं तसं सांगा. उद्या वाचून या." आणि उद्या ते विसरत नसत. मी स्कूटर स्टँडवर लावतेय तोवर फाटकापाशी उभे राहून विचारत, वाचलं का. बत्तीस वर्षं नर्सिंग केलेल्या माणसाला अजून इतकं कुतूहल कसं उरतं, याचंच मला कुतूहल वाटायला लागलं, आणि जळणं हळूहळू थांबलं.

ते मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. वडील मागावर बसत आणि दहावीपर्यंत तेही बसले. पुढे घरचे माग बंद पडले. एक भाऊ मौद्याला वीज केंद्रात ठेकेदाराकडे लागला, एकाने किराणा टाकला, आणि यांना कुणीतरी नर्सिंगच्या कोर्सचा फॉर्म आणून दिला. घरच्यांना वाटलं, मुलगा बायकांचं काम करायला निघाला. मागाबद्दल ते फारसं बोलत नसत, पण नाडीवर बोटं ठेवली की कधीतरी विषय निघे. ताण्यातला धागा तुटला की आधी बोटाला कळतं आणि डोळ्याला मागून, असं वडील सांगत म्हणे. ब्रदर नाडी पाहत तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा बघत, मधला सगळा वेळ पेशंटच्या चेहऱ्याकडे. मला म्हणाले होते, "घड्याळ पाहत बसलं तं पेशंट निसटल्याचं घड्याळ सांगत नाही."

त्यांची दुसरी ख्याती होती चटणीच्या डबीची. जेवणाच्या डब्यात चटणी-लोणच्यासाठी असते तसली छोटी स्टीलची डबी. ती आमच्या इमर्जन्सी ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात असे आणि झाकणावर चिकटपट्टी लावून लिहिलेलं असे, 'फक्त हार्ट'. आत कापसावर ॲट्रोपिनच्या पाच ॲम्प्युल. हृदयाचे ठोके भलतेच मंदावले, तीस-पस्तीसवर आले, माणूस गार पडू लागला की शिरेतून द्यायचं हे औषध. फार महागही नाही आणि दुर्मीळही नाही. तरी ब्रदर रोज पाळी सुरू होताना ती डबी उघडून पाचही उजेडात धरून बघत, जशी काही पाच रत्नंच.

यामागचं कारण कळायला पोळा यावा लागला. त्या सुमाराला कपाशीवर फवारण्या सुरू होतात आणि अंगावर, श्वासात फवारा गेलेले शेतमजूर आमच्याकडे येऊ लागतात. तोंडाला फेस, घामाने भिजलेले, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. त्यांनाही हेच औषध लागतं, पण एक-दोन नव्हे, डझनांनी. सिस्टर नुसत्या ॲम्प्युल फोडत बसतात, बोटं कापतात, खाली काचांचा खच पडतो. अशाच एका सकाळी वॉर्डातला साठा संपला, स्टोअरमधून खोकं यायला वेळ होता आणि आमच्या एका सरांनी त्या डबीकडे हात नेला. ब्रदरनी झाकणावर पंजा ठेवला. वयाने धाकट्या का होईना, पण डॉक्टरचा हात अडवणं म्हणजे केवढी गोष्ट. ब्रदरनी दुसऱ्या हाताने खिशातून किल्ली काढली आणि म्हणाले, "साहेब, अँब्युलन्समध्ये वीस आहेत, मी आणतो. हे पाच राहू द्या." ते धावत गेले, धावत आले, वीसच्या वीस त्या मजुराला गेल्या, तोवर खोकंही पोचलं. सर आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कारण विचारलं. त्यांनी ते एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. अशाच एका फवारणीच्या दिवसांत, त्यांच्या नोकरीच्या आठव्या-नवव्या वर्षी, एक बाई चक्कर येऊन पडली म्हणून आणली होती. नाडी अठ्ठावीस. ट्रॉली उघडली तर ॲट्रोपिनची जागा रिकामी, सगळं विषबाधेच्या खाटांवर गेलेलं. ब्रदर स्टोअरकडे पळाले. किल्ली ज्याच्याकडे तो चहाला गेला होता. औषध घेऊन परत आले तेव्हा बाईच्या तोंडावरून पदर ओढलेला होता. विषबाधेच्या घाईत दुसऱ्या कुणाला हे औषध लागेल हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, आणि त्यात त्यांचा स्वतःचाही हात होता, शेवटच्या चार ॲम्प्युल त्यांनीच उचलून दिल्या होत्या. त्या बाईचं नाव, गाव, साडीचा रंगसुद्धा त्यांना पाठ होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून चटणीची डबी आणली.

माझी स्वतःची फजिती त्यानंतर महिन्याभराने झाली. कोराडीच्या कॉलनीतून एक निवृत्त गृहस्थ आले. छातीत कळ, अंगाला दरदरून घाम, नाडी छत्तीस, ब्लड प्रेशर नावापुरतं. वरिष्ठ सर दुसऱ्या मजल्यावर अडकलेले. मला काय द्यायचं ते माहीत होतं, पण हृदयाचा झटका आलेल्या माणसाचं हृदय एकदम पळवलं तर, या विचाराने माझे हात आखडले. मी म्हटलं, ॲट्रोपिन द्या, पण अर्धी ॲम्प्युल, आणि हळूहळू. ब्रदरनी 'काहून' विचारलं आणि पहिल्यांदाच हात थांबवले. मी आवाज चढवून म्हटलं, सांगते तेवढं द्या. त्यांनी दिलं. नाडी छत्तीसवरून तीसवर आली. गृहस्थांचे डोळे वर जाऊ लागले, पायाशी उभ्या त्यांच्या बायकोने खाटेची दांडी घट्ट धरली. मला तर आपणच त्यांना मारलं असंच वाटलं.

ब्रदर माझ्या कानाशी वाकून अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, ही दवाई भीत भीत देली तं उलटी जाते. पूर्ण देऊ? झटकन?" मी मान हलवली. दुसरी ॲम्प्युल सिरिंजमध्ये पूर्ण भरलेलीच होती त्यांच्या हातात. एका दमात ती शिरेत गेली, मागून सलाईनचा लोट, आणि त्यांनी गृहस्थांचा हात कोपरापासून उंच धरला. मग बोटं मनगटावर आणि डोळे चेहऱ्यावर. मिनिटाच्या आत चेहऱ्यावर रंग आला. ब्रदर आकडे सांगत गेले, चाळीस, बावन्न, चौसष्ट. गृहस्थांनी पाणी मागितलं. मी बाहेर जाऊन बेसिनवर तोंड धुतलं आणि थोडी रडलेसुद्धा.

परत आल्यावर ब्रदरना मीच विचारलं, हे असं उलटं का होतं? त्यांना माहीत नव्हतं. अनुभवाने कळलं होतं, कारण कळलं नव्हतं. म्हणाले, वाचून सांगा. मी घरी जाऊन जाडजूड पुस्तक काढलं. मेंदूपासून निघून हृदयापर्यंत जाणारी एक नस असते. ती हृदयाला सारखी 'हळू, हळू' सांगत असते. ॲट्रोपिन तिचं सांगणं हृदयाच्या कानावर पडू देत नाही. मात्रा थोडी पडली तर हृदयापाशी काहीच होत नाही, उलट ती नसच जास्त जोराने बोलू लागते, असं मानतात. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी हे सांगितलं तेव्हा ब्रदरनी दोनदा सांगायला लावलं. त्यांचा चेहरा असा खुलला, की जणू बक्षीस मिळालं. "म्हणजे ही दवाई हार्टले पळवत नाही," ते म्हणाले. "त्याले थांबवणारा जो आहे, त्याले चूप करते." बत्तीस वर्षं जे औषध हाताळलं त्याची ओळख आज झाली, म्हणाले, आणि त्या खुशीत त्यांनी सगळ्या पाळीला तर्रीपोहे खिलवले.

पुढची महाशिवरात्र त्यांनी त्या ज्ञानावर गाजवली. दुपारी एका इसमाला चौघांनी धरून आणलं. चेहरा लालबुंद, तोंड कोरडं ठाक, बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या, नाडी दीडशेच्या घरात, आणि तो हवेतले न दिसणारे धागे वेचत होता. सोबतचे म्हणत, भांगेचा घोटा प्यायला, रोजच पितो, आजच काय झालं कळत नाही. मी दारू, ताप, मेंदूचा आजार अशी यादी मनात करत होते. ब्रदर दारातूनच म्हणाले, याला कुणीतरी आपलीच दवाई पाजली. आणि तेच निघालं. घोटा चढावा म्हणून कुणीतरी त्यात धोत्र्याचं बी वाटलं होतं, आणि धोत्र्यात ॲट्रोपिनच असतं. पिंडीवर वाहायचं फूल आणि आपल्या चटणीच्या डबीतलं औषध एका घरचे, याचा त्यांना इतका अचंबा वाटला, की पुढे महिनाभर येईल त्याला ते हे सांगत. सोबत सांगत, फूल वाहा, पण बी दूर ठेवा, तो इसम तीन दिवस स्वतःच्या बायकोला ओळखत नव्हता.

इतक्या लोकांची नाडी त्यांनी पाहिली, पण त्यांची कुणी पाहिली असेल हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आसपास विभागात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. तेव्हा ते नवलाचं होतं, घरोघरी झालं नव्हतं. सगळे गंमत म्हणून बोट घालून बघत होते, वॉर्डबॉय, सुरक्षारक्षक, औषधवाला. ब्रदर मात्र कोपऱ्यात रजिस्टर लिहीत बसले. मी चिडवत गेले आणि त्यांचं बोट धरून चिमट्यात घातलं. ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव, नाडी एक्केचाळीस. ते म्हणाले, मशीन खराब आहे. मी मनगट धरलं. त्यांनी सोडवायला पाहिलं, मी सोडलं नाही. त्यांनीच शिकवलं होतं तसं पूर्ण मिनिट मोजलं. एक्केचाळीस.

मी त्यांना बाजूच्या ड्रेसिंगच्या खोलीत नेलं. चक्कर येते का? नाही. दम लागतो? थोडा. कधीपासून? ते बाही खाली ओढू लागले. त्यांना हे माहीत होतं, हे उघड होतं. मी ईसीजी काढला. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला निरोप खालच्या कप्प्यात उशिरा पोचत होता, पण पोचत होता. मी म्हटलं, आजच्या आज हृदयरोगवाल्या सरांकडे जायचं. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्यापुढे हात जोडले. "सोळा महिने राहिले माहे रिटायरमेंटले. हे कळलं तं मले स्टोअरमध्ये बसवतीन, कापसाचे बोळे मोजाले. मॅडम, मी तिथे हार्टनं नाही, कंटाळ्यानं मरीन. संक्रांत होऊ द्या, मग जातो."

मी मान्य केलं. आज माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं, तर मी त्याला तिथल्या तिथे घरी पाठवीन. पण तेव्हा मला ते कॅज्युअल्टीशिवाय आणि कॅज्युअल्टी त्यांच्याशिवाय दिसतच नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याशिवाय मला भीती वाटत होती. मी अट घातली, की रोज पाळी सुरू होताना मी नाडी बघणार, आणि चाळिसाच्या खाली गेली किंवा एकदाही चक्कर आली तर मी सांगून मोकळी होणार. त्यांनी ती हसत कबूल केली. त्या दिवसापासून रोज ड्रेसिंगच्या खोलीत ते बाही वर सारून मनगट पुढे करत. बेचाळीस, त्रेचाळीस, कधी पंचेचाळीस. दरवेळी थोडे धापा टाकत येत. लिफ्ट सोडून रॅम्पने चढून आलो, म्हणत. या वयात किती हौस, असं वाटून मला कौतुक वाटे. संक्रांत झाली. त्यांनी होळीचा वायदा केला.

होळीनंतर चौथ्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमाराला, सलाईनची बाटली टांगता टांगता ते खाली बसले. बसले असंच वाटलं सगळ्यांना, इतके सावकाश गेले. मी पोचले तेव्हा नाडी सव्वीस होती. त्यांना तिथल्याच रिकाम्या खाटेवर उचलून ठेवलं, सिस्टरने चटणीची डबी उघडली. मी पूर्ण ॲम्प्युल दिली, झटकन, हात उंच धरून. मिनिट गेलं. सव्वीस. दुसरी दिली. अठ्ठावीस, मग पुन्हा सव्वीस. मॉनिटरवर दिसत होतं, वरचा कप्पा आपल्या गतीने धडधडतो आहे आणि खालचा आपल्या मर्जीने कधीतरी एखादा ठोका टाकतो आहे. दोघांचं बोलणंच तुटलं होतं. मी तिसरीकडे हात नेला तेव्हा ब्रदरनी डोळे उघडले. किती दिल्या, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोन, पूर्ण. त्यांनी मान जराशी वळवून मॉनिटर पाहिला.

"मॅडम, इथे थांबवणारा कोणी नाहीच," ते म्हणाले. "वायर तुटली आहे. हे दवाईचं काम नाही. तार टाका."

पुढचा अर्धा तास मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतो. छातीवर पट्ट्या चिकटवून यंत्राने बाहेरून हृदयाला झटके द्यायला सुरुवात केली. प्रत्येक झटक्याला त्यांचं अंग उडे, आणि ते दात आवळून बघत, ठोका लागला की नाही. हृदयरोगवाले सर धावत आले, त्यांना वर नेलं, मानेच्या शिरेतून हृदयात तार उतरवली. सर बाहेर येऊन म्हणाले, वाचले. मग त्यांनी जुना ईसीजी आहे का विचारलं, आणि मी चार महिन्यांपूर्वीचा कागद माझ्या कप्प्यातून काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तारीख पाहिली, माझ्याकडे पाहिलं, कागद फायलीत लावला आणि गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

ब्रदरच्या खांद्याखाली कायमचा पेसमेकर बसला. कॅज्युअल्टीत ते परत आले नाहीत. जे व्हायला नको होतं तेच झालं, उरलेलं वर्ष स्टोअरमध्ये गेलं. मीही पुढे परीक्षा दिली, नोकरी सोडली, आता मनीषनगरात माझा दवाखाना आहे. निवृत्तीनंतर ते उमरेडला गेले आणि दोन वर्षांपूर्वी न्यूमोनियाने वारले. पण मला ते आठवतात ते त्या दुपारचे, तार टाकल्यानंतरच्या दोन तासांतले, आणि खरं म्हणजे ते एकटे नाहीत.

त्यांच्या बायकोला फोन गेला होता. काकूंना मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं. इतवारीत राहत, साड्यांना फॉल-पिको करून देत. त्या रिक्षातून उतरल्या तेव्हा कमरेला कात्री तशीच लटकत होती. मी त्यांना आयसीयूबाहेरच्या बाकावर बसवलं, धोका टळला म्हणून सांगितलं. त्या रडल्या नाहीत. थोड्या वेळाने माझा हात धरून खालच्या आवाजात म्हणाल्या, की हे माझ्यामुळे झालं. ह्यांना सट्ट्याचा नाद लागला होता. मला हसू येणार होतं, ते गिळलं. काकू सांगत गेल्या. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजच्या तारखेच्या चौकोनात ते पेन्सिलीने दोन आकडी नंबर लिहीत. विचारलं तर सांगत नसत, नुसते हसत. गल्लीतल्या एका बाईचा नवरा असेच नंबर लिहायचा, घर धुऊन निघालं तिचं. चार महिने काकू भांडत होत्या. काल फार बोलल्या होत्या. म्हाताऱ्याला लाज नाही, इथपर्यंत बोलल्या होत्या, आणि सकाळी ते डबा न घेताच निघाले होते.

मी विचारलं, कसले नंबर असायचे? त्यांना पाठ होते. सदतीस, छत्तीस, पस्तीस. अडतीसच्या वर कधी नाही. आजच्या चौकोनात चौतीस.

मला आधी रॅम्प आठवला. माझ्यासमोर मनगट धरायच्या आधी ते धावत चढून येत होते, नाडी थोडी वाढावी म्हणून. मला वाटत होतं, गुपितात मी त्यांची भागीदार आहे. त्यांनी मलाही फसवलं होतं. जुगारी म्हणवून घेतलं, शिव्या खाल्ल्या, पण काकूंना कळू दिलं नाही, कारण काकूंनी त्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ दिलं नसतं.

मी काकूंना सांगितलं, की ते सट्ट्याचे नंबर नाहीत, त्यांच्या नाडीचे आहेत. दर मिनिटाचे ठोके. काकूंनी विचारलं, "तुमाले माहीत होतं?"

मी हो म्हटलं. चार महिन्यांपासून. त्यांनी कुणाला सांगू नका म्हटलं आणि मी ऐकलं. काकू आता बोलतील, ओरडतील, कदाचित हातही उचलतील अशी माझी तयारी होती, आणि माझी त्याला हरकत नव्हती. मी चुकलेच होते.

"रोज पाहत होत्या तुमी?"

"ड्यूटीवर असले की रोज."

काकूंनी कमरेची कात्री काढून पर्समध्ये ठेवली. "पस्तीस वर्षं झाले लग्नाले," त्या म्हणाल्या. "ताप आला तं कपाळाले हात लावू देत. पण हात हातात घेतला की सोडवून घेत. मी म्हणो, दवाखान्यातला माणूस, असंन काही. तुमाले रोज पाहू देलं. मले एक दिवस भी नाही."

भेटीची वेळ नव्हती, तरी मी त्यांना चपला काढायला लावून आत नेलं.

ब्रदर जागे होते. मानेला पट्टी, त्यातून निघालेली तार आणि उशाशी छोटंसं यंत्र. काकूंना पाहताच त्यांनी नजर छताकडे वळवली आणि चादरीखाली हात ओढून घेतला. काकू स्टुलावर बसल्या. पदराला हात पुसले, चादर बाजूला केली, त्यांचा हात उचलून सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला. बोटं त्यांनी मनगटाच्या भलत्याच बाजूला ठेवली होती. मी ती अंगठ्याखाली सरकवून दिली. काकूंचे ओठ हलायला लागले. मध्येच चुकल्या, थांबल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ब्रदर दारावरच्या घड्याळाकडे बघत होते, मग मॉनिटरकडे, मग त्यांच्याने राहवलं नाही.

"मशीनवर सत्तर लावले आहेत सरांनी," ते म्हणाले. "सत्तरच निघतीन. तू कायले..."

"बोलू नका," काकू म्हणाल्या. "मी मोजून राहिली."